साबणासाठी तेलाची निवड आणि खवटपणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

साबणाच्या इतिहासाची मांडणी बहुधा दोन अंगांनी केली जाते. पहिले अंग स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य यांचे, तर दुसरे उद्योग व मालकी यांचे. भारताच्या संदर्भात यात धार्मिक शुद्धतेचे तिसरे अंग मिसळते, कारण प्राण्यांच्या चरबीपासून बनलेला परदेशी साबण वापरावा की नाही, हा प्रश्न स्वदेशीच्या काळात महत्त्वाचा ठरला होता. या तिन्ही अंगांनी झालेल्या लेखनात साबण ज्या द्रव्यापासून होतो त्या तेलाच्या एका स्वभावधर्माकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. तो स्वभावधर्म म्हणजे खवट होणे. तेल खवटते, आणि चुकीच्या तेलापासून केलेला साबणही कालांतराने खवटतो. त्यावर पिवळे-तांबूस डाग उमटतात, वास बिघडतो, वडी चिकट होते व माल परत येतो.

साबणाच्या इतिहासात तेलाची निवड धर्म व किंमत यांच्याइतकीच टिकाऊपणानेही ठरत आली, आणि या अडचणीचा खरा भार मोठ्या कारखान्यापेक्षा लहान उत्पादकावर पडला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. कारखान्याला खवटपणावर रासायनिक व यांत्रिक उपाय मिळत गेले. घरी वा खेड्यात साबण करणाऱ्याच्या हाती तेलाची योग्य निवड हाच मुख्य उपाय राहिला. या दृष्टीने भूमध्य सागरी प्रदेशातील जुनी परंपरा, एकोणिसाव्या शतकातील कारखानदारी, भारतातील स्वदेशी साबण आणि ग्रामोद्योगाची चळवळ यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

खवटपणाचे दोन प्रकार

तेल व क्षार यांच्या संयोगातून साबण होतो हे मानवाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. पण त्या संयोगात नेमके काय घडते याचा उलगडा एकोणिसाव्या शतकात झाला. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल यांनी १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राणिज मेदांचे पृथक्करण मांडले. मेद म्हणजे ग्लिसरीन व वसाम्ले यांचा संयोग असून क्षाराच्या क्रियेने ग्लिसरीन सुटे होते आणि वसाम्लांचे लवण, म्हणजेच साबण, तयार होतो, हे त्यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तेलातेलांमधील भेद हा वसाम्लांमधील भेद आहे, ही जाणीवही तेथूनच रुजली.

वसाम्लांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. ज्यांच्या कार्बन-साखळीत द्विबंध नसतात ती संपृक्त आणि ज्यांत एक वा अधिक द्विबंध असतात ती असंपृक्त. हवेतील ऑक्सिजनची क्रिया मुख्यतः द्विबंधांच्या शेजारी होते. तेथे प्रथम हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात आणि ती फुटून उग्र वासाची अल्डिहाइडे व तत्सम द्रव्ये निर्माण होतात. ही साखळी-प्रक्रिया असल्यामुळे एकदा सुरू झाली की ती स्वतःच वेग घेते. द्विबंधांची संख्या वाढली की हा वेग झपाट्याने वाढतो. दोन द्विबंधांचे लिनोलेइक अम्ल एका द्विबंधाच्या ओलेइक अम्लापेक्षा सुमारे दहा पट वा त्याहूनही अधिक वेगाने ऑक्सिडीकृत होते. जवसाच्या तेलातील तीन द्विबंधांचे लिनोलेनिक अम्ल त्याच्याही पुढे जाते. हा झाला ऑक्सिडीकरणाचा खवटपणा.

दुसरा प्रकार जलविच्छेदनाचा. तेलात वा तेलबियांत ओलावा राहिला, बुरशी धरली अथवा बियांतील विकरे कार्यरत झाली, की ग्लिसरीनपासून वसाम्ले सुटी होतात. खोबरेल तेल संपृक्त असल्याने पहिल्या प्रकारच्या खवटपणाला दाद देत नाही. पण खोबरे नीट वाळलेले नसेल तर ते या दुसऱ्या प्रकाराने बिघडते आणि त्याला विशिष्ट दर्प येतो.

तेलाची असंपृक्तता मोजण्याची सोपी पद्धत आर्थर फॉन ह्यूब्ल यांनी १८८४ मध्ये दिली. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, ही संख्या म्हणजे त्या तेलाचे आयोडीन मूल्य. खोबरेल तेलाचे हे मूल्य सुमारे ७ ते ११, प्राणिज चरबीचे ४० ते ४८, पाम तेलाचे ५० ते ५५, ऑलिव्ह तेलाचे ७५ ते ९४, शेंगदाणा तेलाचे ८५ ते ९९, सरकीच्या तेलाचे १०० ते ११५, करडईच्या तेलाचे १४० ते १५० आणि जवसाच्या तेलाचे १७० च्या पुढे असते. शास्त्राला ही संख्या उशिरा सापडली असली, तरी तिच्यामागील भेद कारागिरांना अनुभवाने ठाऊक होता. रोगणासाठी व रंगासाठी जवसाचे तेल निवडणारा कारागीर ‘वाळणारे’ तेल शोधत असे. लाकडावर तेलाचा कडक पापुद्रा धरवणारा जो गुण त्याला हवा होता, तोच साबणात दोष ठरतो.

भूमध्य सागरी परंपरा : ऑलिव्हची निवड

साबण हा शब्दच मराठीत अरबी ‘साबून’शी नाते सांगतो. सीरियातील अलेप्पो व पॅलेस्टाइनमधील नाब्लुस ही ऑलिव्ह तेलाच्या साबणाची जुनी केंद्रे होत. अलेप्पोच्या साबणात ऑलिव्ह तेलाबरोबर लॉरेल वृक्षाच्या फळांचे तेल घालतात आणि वड्या कित्येक महिने हवेशीर जागी रचून परिपक्व होऊ देतात. या दोन्ही कारागिरी २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या याद्यांत समाविष्ट झाल्या. इतके दिवस हवेत उघडा राहूनही जो साबण बिघडत नाही, त्याचे तेल स्थिर असलेच पाहिजे. ऑलिव्ह तेलात ओलेइक अम्ल साधारणतः ५५ ते ८३ टक्के असते व लिनोलेइक अम्ल कमी असते. त्याच्या स्थैर्याचे हे मुख्य कारण होय.

फ्रान्समधील मार्सेय येथील साबणाच्या बाबतीत तर ही निवड कायद्याने बांधली गेली. चौदाव्या लुईच्या राजवटीत ५ ऑक्टोबर १६८८ रोजी निघालेल्या आज्ञापत्राने साबणात शुद्ध ऑलिव्ह तेलाखेरीज कोणतीही चरबी, लोणी वा अन्य द्रव्य वापरण्यास मनाई केली. नियमभंगास माल जप्त करण्याची शिक्षा ठेवली. जून, जुलै व ऑगस्ट या उन्हाळी महिन्यांत उत्पादन बंद ठेवण्याचा आणि नव्या हंगामाचे तेल १ मे पूर्वी न वापरण्याचा नियमही त्यात होता. नव्या तेलातील गाळ व पाणी बसू द्यावे आणि उष्णतेने माल बिघडू नये, असा यामागील हेतू असावा असे मानण्यास जागा आहे. ऑक्सिजनचा शोध लागण्यापूर्वी सुमारे शतकभर आधीचे हे नियम आहेत. साबणाचा दर्जा कढईत जाणाऱ्या तेलावर व त्याच्या अवस्थेवर अवलंबून असतो, ही त्यातील दृष्टी लक्षणीय आहे. ‘खाण्यास नालायक झालेले तेल साबणाला चालते’ हा पुढे सर्वत्र पसरलेला समज या परंपरेच्या अगदी विरुद्ध टोकाचा होता.

कारखानदारी : निवडीकडून प्रक्रियेकडे

निकोला लब्लाँ यांच्या १७९१ च्या पद्धतीमुळे मिठापासून सोडा मिळू लागला व क्षाराची टंचाई संपली. त्यानंतर अडचण उरली ती मेदाची. इंग्लंडमध्ये साबणाचा मुख्य आधार प्राणिज चरबी हा होता. चरबीचे आयोडीन मूल्य कमी असल्याने तिचा साबण कठीण व टिकाऊ होई. परंतु फेस कमी येई. विल्यम लिव्हर यांनी १८८४ मध्ये ‘सनलाइट’ हे नाव नोंदवले. त्या साबणाच्या मिश्रणात खोबरेल अथवा पाम-बियांच्या तेलाचा वाटा मोठा होता आणि जोडीला चरबी, सरकीचे तेल व राळ ही द्रव्ये होती. खोबरेलाने फेस दिला, चरबीने कठीणपणा दिला. सरकीचे तेल स्वस्त असले तरी असंपृक्ततेमुळे त्याचे प्रमाण मर्यादित ठेवणे भाग होते. मिश्रणाचे हे तत्त्व आजही घरगुती साबणाच्या मुळाशी आहे.

निर्णायक बदल घडला तो हायड्रोजनीकरणाने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ मध्ये द्रवरूप तेलांतील द्विबंधांवर निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन बसवून त्यांचे घट्ट मेदात रूपांतर करण्याचे एकस्व घेतले. देवमाशाचे व इतर माशांचे तेल अतिशय असंपृक्त, दुर्गंधीयुक्त व त्वरित खवटणारे असते. तेही आता कठीण साबणास योग्य ठरू लागले. पुढे तेलाचे शुद्धीकरण, दुर्गंधीनाशन, प्रतिऑक्सिडीकारके आणि लोह-तांब्यासारख्या धातूंचे अंश बांधून ठेवणारी द्रव्ये यांची भर पडली. कारखान्याच्या दृष्टीने तेलाची निवड आता बाजारभावाचा प्रश्न झाला, कारण निवडीतील दोष प्रक्रियेने झाकता येऊ लागला. ज्याच्याकडे ही प्रक्रिया नव्हती त्याच्यासाठी मात्र काहीच बदलले नाही.

भारत : स्वदेशी साबण आणि तेलाचा शोध

‘सनलाइट’च्या पेट्या १८८८ मध्ये कोलकाता बंदरात उतरल्या. त्यापूर्वी या देशात रिठा, शिकेकाई, डाळीचे पीठ, उटणे ही स्वच्छतेची साधने रूढ होती आणि कापडासाठी सज्जीखार व देशी साबण वापरला जाई. वंगभंगानंतर १९०५ पासून स्वदेशीच्या लाटेत साबणाचे कारखाने निघू लागले, तेव्हा चरबीविरहित साबणाची मागणी ही धार्मिक भावनेशी निगडित होती. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास वनस्पतिज तेलांचा साबण बाजारात आणला आणि चरबी नसणे हेच त्याचे वैशिष्ट्य म्हणून पुढे केले. हा ‘जगातील पहिला वनस्पतिज साबण’ असल्याचा उल्लेख अनेकदा केला जातो. अलेप्पो व मार्सेय येथील परंपरा लक्षात घेता तो टिकणारा नाही. या प्रयत्नाचे खरे महत्त्व निराळे आहे. ऑलिव्ह तेल उपलब्ध नसलेल्या उष्ण व दमट प्रदेशात, चरबीचा आधार न घेता, टिकणारा साबण करून दाखवणे ही त्यातील तांत्रिक कसोटी होती.

या कसोटीचे उत्तर पश्चिम किनाऱ्यावर होते. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के वसाम्ले संपृक्त असून त्यांपैकी निम्म्याच्या आसपास लॉरिक अम्ल असते. टाटा ऑइल मिल्स या कंपनीची १९१७ मध्ये स्थापना होऊन कोची संस्थानात एर्नाकुलम येथे खोबऱ्याची गिरणी उभी राहिली आणि पुढे ती कंपनी साबणाच्या व्यवसायात उतरली, यामागे नारळाचा हा पट्टा होता. म्हैसूर संस्थानात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दिवाण असताना चंदन तेलाचा उद्योग सुरू झाला आणि त्यास जोडून शासकीय साबण कारखाना निघाला, रसायनतज्ज्ञ एस. जी. शास्त्री यांचा त्यात मोठा वाटा होता. सुगंधी साबणाच्या बाबतीत तेलाची स्थिरता अधिकच महत्त्वाची असते, कारण मूळ तेल खवटले की मोलाचे अत्तरही वाया जाते.

याच काळात मद्रास इलाख्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने मलबार किनाऱ्यावर तानूर येथे माशांच्या तेलापासून साबण करण्याचे प्रयोग केले. सर फ्रेडरिक निकल्सन यांच्या पुढाकाराने झालेल्या या प्रयोगातील मासळी-तेलाचा साबण मळ्यांतील कीटकनाशक म्हणून उपयोगी पडला. अंगाच्या साबणासाठी मात्र ते तेल अनुकूल नव्हते. एकाच किनाऱ्यावरील दोन तेलांचे हे दोन मार्ग पाहिले, की तेलाच्या रासायनिक घडणीने त्याचा सामाजिक उपयोग कसा ठरतो हे ध्यानात येते.

ग्रामोद्योग आणि अखाद्य तेले

महात्मा गांधींच्या प्रेरणेने डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व वर्धा येथील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील या कार्यात घाणीच्या तेलास महत्त्वाचे स्थान होते. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वात आला आणि अखाद्य तेले व साबण हा त्याच्या उद्योगांपैकी एक ठरला. विचार सुसंगत होता. देशात खाद्यतेलाची टंचाई असताना ते साबणात घालवू नये. कडुनिंब, करंज, मोह अशा झाडांच्या बिया गोळा करून त्यांचे तेल वापरावे, म्हणजे वनवासी व भूमिहीन कुटुंबांना रोजगारही मिळेल.

आयोडीन मूल्याच्या दृष्टीने पाहता ही निवड चुकीची नव्हती. मोहाच्या बियांच्या म्हणजे टोळंबीच्या तेलाचे मूल्य साधारणतः ५८ ते ७०, कडुनिंबाच्या तेलाचे ६५ ते ८० आणि करंजाच्या तेलाचे ८० ते ९६ असते. ऑक्सिडीकरणाच्या बाबतीत ही तेले ऑलिव्हच्या जवळ जातात, किंबहुना काही अंशी सरसच ठरतात. अडचण दुसऱ्या प्रकारच्या खवटपणाची होती. कडुनिंबाच्या व मोहाच्या बिया ऐन पावसाळ्याच्या तोंडावर पडतात. ओल्या जमिनीवरून वेचलेल्या, पुरेशा न वाळलेल्या व पोत्यांत साठवलेल्या बियांत जलविच्छेदन वेगाने होते, तेल गडद होते व त्याला दर्प येतो. सुट्या वसाम्लांचाही साबण होतोच. पण रंग व वास तसाच राहतो आणि अशा तेलात ऑक्सिडीकरणाची बीजेही आधीच पडलेली असतात. कारखाना हे तेल शुद्ध करू शकत होता. ग्रामोद्योगातील उत्पादकाकडे तशी साधने नव्हती. त्यामुळे ग्रामोद्योगी साबण गडद व वासाचा असतो, ही ग्राहकाची तक्रार कारागिराच्या कौशल्यावर ढकलली गेली. तिचे मूळ बिया वाळवण्याच्या जागेत व साठवणीत होते.

साबण उद्योगात आयात चरबी दीर्घकाळ वापरली जात होती. वनस्पती तुपातील चरबीच्या भेसळीवरून १९८३ मध्ये मोठा क्षोभ उसळला आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. त्यानंतर पाम तेल व त्याचे घटक यांचे महत्त्व वाढत गेले. मोठ्या उत्पादकाने एका स्थिर मेदाच्या जागी दुसरा स्थिर मेद आणला. याच सुमारास महाराष्ट्रातील स्वयंपाकघरात मात्र उलट दिशेचा बदल सुरू झाला होता. शेंगदाणा तेलाची जागा सूर्यफूल व सोयाबीन ही अधिक असंपृक्त तेले घेऊ लागली होती.

घरगुती साबण : इतिहासाचा व्यवहारातील अर्थ

अलीकडे बचत गटांत व घरोघरी शीत प्रक्रियेने साबण करण्याचा प्रघात वाढला आहे. या पद्धतीत तेल व कॉस्टिक सोड्याचे द्रावण एकत्र घोटून साच्यात ओततात व वड्या चार ते सहा आठवडे वाळू देतात. जुन्या उकळीच्या पद्धतीत मीठ घालून साबण वेगळा करीत, त्यामुळे अशुद्ध द्रव्ये निघून जात. येथे तेलातील सर्व काही वडीतच राहते. शिवाय त्वचेस क्षार बाधू नये म्हणून सुमारे पाच टक्के तेल मुद्दाम साबणात न बदलता ठेवले जाते. खवटपणा प्रथम याच तेलाला ग्रासतो आणि मग असंपृक्त वसाम्लांच्या साबणापर्यंत पोहोचतो.

तेलाच्या निवडीचा परिणाम साध्या गणिताने दाखवता येतो. खोबरेल ३० टक्के, शेंगदाणा तेल ६० टक्के व एरंडेल १० टक्के असे मिश्रण घेतल्यास त्याचे सरासरी आयोडीन मूल्य सुमारे ६६ येते. शेंगदाणा तेलाऐवजी सोयाबीन घातल्यास ते ९० च्या जवळ जाते आणि करडई घातल्यास ९८ पर्यंत पोहोचते. अनुभवी साबणकार हे मूल्य ७० च्या आसपास वा त्याखाली ठेवणे पसंत करतात. केवळ खोबरेल वापरून ते आणखी खाली नेता येईल. परंतु तसा साबण त्वचेला कोरडेपणा आणतो. म्हणून खोबरेलाचे प्रमाण पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत ठेवून उरलेला भार ओलेइक अम्लप्रधान वा घट्ट मेदांवर टाकणे इष्ट ठरते. कोकणात पायांच्या भेगांवर लावण्यासाठी ज्याचे मुठेल करून ठेवतात, ते कोकमाचे तेल अशा घट्ट मेदांचे उत्तम उदाहरण होय.

आयोडीन मूल्याला मर्यादा आहेत, हेही नमूद करणे आवश्यक आहे. ही संख्या द्विबंधांची एकूण बेरीज सांगते, त्यांची वाटणी सांगत नाही. ऑलिव्ह व शेंगदाणा यांची मूल्ये जवळजवळ असली तरी शेंगदाणा तेलात लिनोलेइक अम्ल अधिक असल्याने ते तुलनेने लवकर बिघडते. एरंडेलाचे मूल्य ८२ ते ९० असूनही त्याचे मुख्य वसाम्ल एकाच द्विबंधाचे असल्याने ते स्थिर राहते. तिळाचे तेल सेसमोलिनसारख्या नैसर्गिक द्रव्यांमुळे अपेक्षेपेक्षा अधिक टिकते. मात्र कॉस्टिक सोड्याच्या क्रियेनंतर हे संरक्षण तितकेच उरेल असे गृहीत धरता येत नाही. तेलाची जात जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची अवस्था. तळणाचे उरलेले तेल वरून स्वच्छ दिसले तरी त्यात पेरॉक्साइडे झालेली असतात आणि ती नव्या तेलालाही बिघडवतात. तांब्या-पितळेची भांडी टाळणे, शक्य तेथे ऊर्ध्वपातित पाणी वापरणे, वड्या अंधाऱ्या व हवेशीर जागी ठेवणे आणि पावसाळ्यात विशेष काळजी घेणे ही पथ्ये यातूनच निष्पन्न होतात.

समारोप

मार्सेयच्या आज्ञापत्रापासून आजच्या बचत गटापर्यंतचा हा प्रवास पाहता एक सूत्र हाती येते. सतराव्या शतकात टिकाऊपणाची हमी तेलाच्या निवडीतून मिळत होती. विसाव्या शतकात मोठ्या उद्योगाने ती हमी प्रक्रियेकडे सोपवली आणि निवडीचे ज्ञान त्याला पूर्वीइतके अपरिहार्य राहिले नाही. लहान उत्पादकाला मात्र प्रक्रिया मिळाली नाही आणि निवडीचे ज्ञानही सुसंगतपणे पोहोचले नाही. ‘जे तेल स्वस्त वा टाकाऊ ते साबणाला’ हा सल्ला त्याला मिळत राहिला, आणि माल बिघडला की दोष त्याच्या हाताला दिला गेला.

स्वदेशी साबणाचा इतिहास केवळ चरबी आणि वनस्पती तेल यांच्या द्वंद्वात बसवणे म्हणूनच अपुरे ठरते. वनस्पतिज तेले एकजिनसी नाहीत. खोबरेल आणि करडई यांच्यातील अंतर खोबरेल आणि चरबी यांच्यातील अंतरापेक्षा कितीतरी मोठे आहे. ग्रामीण वा घरगुती साबण-उद्योगाचे प्रशिक्षण आखताना साचे, रंग व सुगंध यांच्या आधी तेलाची घडण, बियांची वाळवण आणि तेलाचे वय शिकवले गेले पाहिजे. ज्याच्याकडे शुद्धीकरणाचा कारखाना नाही, त्याच्या साबणाचे आयुष्य तेलाचा डबा निवडला जातो त्याच क्षणी ठरलेले असते.